हायड्रोजन कुठे काढायचा

चंदरने काढलेल्या षटकोनाचा वरचा कोपरा नेहमी जरा उजवीकडे कललेला असे. पट्टी लावून पाहिलं तर तीन-चार अंशांपेक्षा जास्त नसेल. पण एकदा लक्षात आल्यावर मला त्याचं प्रत्येक बेंझिन वाऱ्यात उभं असल्यासारखं दिसू लागलं. मी स्वतः प्लास्टिकची टेम्प्लेट वापरत असे.

"हाताने काढलेलं बेंझिन जिवंत वाटतं," तो म्हणे.

"आणि पडायला आलेलं," मी म्हणे.

आम्ही दोघं अंबरनाथच्या एका रंगांच्या कारखान्यात, संशोधन विभागात होतो. हे १९८८ सालचं. विभागाचे प्रमुख पाठारे सर. त्यांनी इतक्या वर्षांत बनवून घेतलेल्या प्रत्येक रसायनाचं एक जाड कार्ड होतं, आणि प्रयोगशाळेतल्या दोन हिरव्या लोखंडी कपाटांत ती कार्डं उभी रचलेली होती. कार्डाच्या मधोमध रेणूची आकृती, खाली द्रवणांक आणि बाटलीचा नंबर, आणि चारही कडांना भोकं. प्रत्येक भोकाला अर्थ होता. एक नायट्रो गटाचं, एक क्लोरीनचं, एक ॲझोचं, म्हणजे रंगांमध्ये हमखास सापडणाऱ्या नायट्रोजनच्या जोडीचं. रसायनात तो गट असेल तर भोक कडेपर्यंत कापून टाकायचं. मग कोणी विचारलं की नायट्रो असलेलं आपण काय काय बनवलंय, तर कार्डांचा गठ्ठा घ्यायचा, त्या भोकातून लांब सुई घालायची आणि उचलून हलवायचं. कापलेली कार्डं टपाटप खाली पडत. बाकीची सुईवर लटकून राहत. कार्डांबरोबर आलेली मूळ सुई कधीच हरवली होती. सर सायकलचा स्पोक वापरत. तो त्यांच्या वरच्या खिशात पेनाशेजारी असे, आणि बाहेरून आलेल्या माणसाला ते थर्मामीटर वाटे.

त्या वर्षी विभागात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली, एसी, आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी. सरांनी ठरवलं की सगळी कार्डं त्याच्यात जायची. पण त्या कॉम्प्युटरला आकृती समजत नव्हती. त्याला अक्षरं हवी होती. त्यासाठी अमेरिकेत बसवलेली एक लिपी होती, तिच्यात अख्खा रेणू एका ओळीत लिहिता येई. बेंझिनला आर, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीला क्यू, ॲझोला एन-यू-एन. ओळी भरल्या की कॉम्प्युटरला म्हणायचं, एन-यू-एन असलेल्या ओळी दाखव; आणि तो दाखवी. म्हणजे स्पोकचंच काम, फक्त कार्डं जमिनीवर पडत नसत.

ही लिपी शिकायला सरांनी चंदरला आणि मला मुंबईला पाठवलं होतं. परत आल्यावर त्यांनी डावं कपाट चंदरला दिलं आणि उजवं मला. आमचं लग्न होऊन तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. "घरचं भांडण घरी," सर म्हणाले, "इथे ज्याचं कपाट त्याने पाहायचं."

घर म्हणजे कुठलं, हे मात्र सरांना विचारायला हवं होतं.

चंदरचं घर बदलापूरजवळ खरवईला. आईवडील, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची चार मुलं. माझं घर अंबरनाथ पूर्वेला, एका बैठ्या चाळीत मालकीच्या दोन खोल्या. वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते, ते गेले आणि आई, भिमाबाई, तिथे एकटी राहिली. मी एकुलती एक. लग्न ठरताना कोणीतरी विचारलं होतं, "मग पोरीच्या आईचं कसं?" तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी एकमताने सांगितलं, "ते बघू. आधी लग्न तर होऊ दे." लग्न झालं, विहारातल्या बायकांनी पोटभर बुंदी खाल्ली, आणि ते बघायचं राहून गेलं.

त्यामुळे मी अर्धा आठवडा खरवईला आणि अर्धा अंबरनाथला राहत होते. माझे दोन कंगवे होते, दोन उशा होत्या, आणि हवं असलेलं पुस्तक नेहमी दुसऱ्या घरी असे. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर हिरामण याला रोज कोडं पडे. "वैनी, उद्या कुठल्या स्टॉपवर हॉर्न मारू, तेवढं सांगून ठेवा. परवा बदलापूरला पाच मिनिटं उभा राहिलो, आणि तुम्ही अंबरनाथला उभ्या." आमच्या ऑफिसातली टायपिस्ट वेणू तर माझ्या पिशवीकडे पाहूनच ओळखे. "आज माहेर का? पिशवी फुगलीय."

"आईला वाल आवडतात. खरवईचे आहेत."

"उद्या जाताना तिकडून काय नेशील?"

"इस्त्रीचे कपडे."

"चांगलंय की. रेशनकार्ड कुठलंय गं तुझं?"

ते दोन्हीकडे नव्हतं. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालं होतं आणि सासरच्या कार्डावर चढवायचं राहिलं होतं. मी वेणूला ते सांगितलं नाही.

आता मात्र बघायलाच हवं अशी वेळ आली होती. कारखान्यातल्या काहीजणांनी मिळून खरवईला सोसायटी काढली होती आणि चंदरचं नाव त्यात होतं. रविवारी सभा होती. त्या सभेत प्रत्येकाने सांगायचं होतं: एक खोली-स्वयंपाकघर की दोन खोल्या, तळमजला की वर, आणि नको असेल तर नाव काढून घ्यायचं. आई येणार असेल तर तळमजला, कारण तिचे गुडघे. आई येणार नसेल, तर तिच्यापासून मी कायमची एका स्टेशनाच्या अंतरावर, आणि ती त्या दोन खोल्यांत एकटी. वर्षभर आम्ही हा विषय इतक्या काळजीने टाळत होतो की त्याच्या भोवतीने चालायची सवय झाली होती. चंदरला वाटे, त्याने सुचवलं तर मला माहेरपासून तोडल्यासारखं होईल. मला वाटे, मी सुचवलं तर त्याला ओढल्यासारखं होईल. आणि आईला विचारलं की ती म्हणे, "माझं काय, मी बरी आहे," आणि चहा टाकायला उठे.

मधेच टेकचंदशेठ आले.

टेकचंदशेठांचा उल्हासनगरला कपडा रंगवायचा कारखाना होता. गळ्यात बारीक साखळी, हातात नारिंगी कापडाचा तुकडा. "साईं," ते सरांना म्हणाले, "ये रंग देखो. तीन धुण्यांत अर्धा नाल्यात जातो. ऐसाच पाहिजे, पण टिकणारा. तुमच्याकडे होगा?"

सरांना कॉम्प्युटर दाखवायची संधी हवीच होती. शेठना चपला काढून आत नेलं. सरांनी कागदावर त्यांच्या मनातला रेणू काढला: दोन बाजूंना रिंगा, मधे नायट्रोजनची जोडी, जोडीच्या अगदी शेजारी ऑक्सिजन आणि त्याचा हायड्रोजन. मी त्याची ओळ केली आणि शोध सुरू केला. यंत्र बराच वेळ कुरकुरलं. मग पडद्यावर तशा जातीच्या रंगांची यादी आली. पण नेमका सरांनी काढलेला त्यात नव्हता. सगळे नंबर माझ्या कपाटातले होते. चंदरच्या कपाटात रंग कमी असावेत असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

"नाही बनवलेला," सर म्हणाले. "गायकवाड, बनवा."

गायकवाड म्हणजे चंदर. त्याने तो बनवला. पुढचे काही दिवस त्याची बोटं नारिंगी होती आणि खरवईला वहिनी म्हणत होत्या, "भावजी, पुन्हा हळद लागली की काय?" शेवटी सुंदर, तांबूस नारिंगी पूड हातात आली. टेकचंदशेठना बोलावणं गेलं.

आता, पाठारे सरांची एक रीत होती. नवं रसायन आलं की कॉम्प्युटर असो नसो, त्याचं कार्ड ते स्वतः करत. भोकं कापत. आणि कार्ड कपाटात ठेवण्याआधी दोन्ही कपाटांचे गठ्ठे काढून, नव्या कार्डाला कापलेल्या एकेका भोकातून स्पोक घालून पाहत, की याचं जुळं आधीच तर नाही ना. आम्हाला ती रीत जुन्या माणसाची खोड वाटे. शेठसमोर त्यांनी तेच केलं. एका भोकाने पुष्कळ कार्डं पडली. पडलेल्यांत दुसऱ्या भोकातून स्पोक, तिसऱ्या, चौथ्या. शेवटी टेबलावर एकच कार्ड पडलं. कडा पिवळ्या झालेलं. आकृती सरांच्या स्वतःच्या हातची, पंधरा वर्षांपूर्वीची.

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "अरेच्चा," ते म्हणाले. "हा तर मीच बनवला होता."

बाटली गोदामात सापडली. खात्री करायला मी जुनी आणि नवी पूड समसमान मिसळून वितळवून पाहिली. वेगळे पदार्थ मिसळले तर मिश्रण लवकर वितळतं. हे मिश्रण अगदी त्याच अंशाला वितळलं. एकच पदार्थ.

टेकचंदशेठांचं पोट हसून हलायला लागलं. "मतलब, माल कपाटात. आणि मी तिकडे वाट बघतो. साईं, आमच्या उल्हासनगरवाल्यांना लोक नावं ठेवतात की एक माल दोन नावांनी विकतात. तुम्ही तर कमाल. एक माल दोनदा बनवता, आणि विकत एकदाही नाही!"

शेठ नमुना घेऊन गेल्यावर सरांनी आम्हाला दोघांना काचेच्या खोलीत बोलावलं. ते कार्ड डाव्या कपाटातलं होतं. चंदरने त्याची केलेली ओळ सरांनी पडद्यावर आणायला लावली. त्या ओळीत एन-यू-एन नव्हतंच.

"ॲझो कुठे गेला?" सर म्हणाले.

"सर, तो ॲझो नाहीये," चंदर म्हणाला. "तुम्ही कार्डावर हायड्रोजन ऑक्सिजनवर काढलाय. पण ऑक्सिजन इतका शेजारी असला की हायड्रोजन बहुतेक वेळ नायट्रोजनवर जाऊन बसतो. मग मधली जोडी तशी राहत नाही, तिचं हायड्रॅझोन होतं. स्पेक्ट्रम घेतलं तर दिसतं. म्हणून मी खरं आहे तसं लिहिलं."

"माझं कार्ड सुधारलंत."

"थोडंसं."

"आणि तुम्ही?" सर माझ्याकडे वळले.

"मी कार्डावर होतं तसं लिहिलं, सर. कॉलेजात तसंच शिकवलं होतं. तो इकडून तिकडे जातो हे माहीत होतं. पण पदार्थ एकच."

"पदार्थ एकच, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या डब्याला माहीत आहे का?"

डब्याला माहीत नव्हतं. त्याला दोन ओळी म्हणजे दोन वेगळी रसायनं. स्पोकला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण सरांचा नियम अगदी ढोबळ होता: रंगीत आहे आणि नायट्रोजनची जोडी आहे, काप ॲझोचं भोक, हायड्रोजन कुठे का बसेना.

"तुमच्या घरी हा विषय निघाला नव्हता?" सरांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "एकदा निघाला होता," मी म्हणाले.

"मग?"

"जेवण गार झालं, सर."

"मग ठरलं काय?"

"बघू असं ठरलं," चंदर म्हणाला.

सरांनी स्पोक खिशातून काढला आणि पुन्हा ठेवला. हसू आवरायचं असलं की ते असं करत. "म्हणजे नवरा-बायकोत वाद नको म्हणून अर्धी कंपनी एका पद्धतीने लिहिली गेली आणि अर्धी दुसऱ्या. शाब्बास. संसार सुखाचा आहे हे कळलं. आता उद्या सकाळी मला एकच आकृती पाहिजे. कुठली, ते तुम्ही सांगा. जो हरेल त्याने तोंड पाडायचं नाही."

वेणूने काचेबाहेरून सगळं ऐकलं होतं. दुपारपर्यंत अख्ख्या विभागाला कळलं होतं. कोणीतरी मला विचारलं, "काय मग, आज हायड्रोजन कुठे? बदलापूर की अंबरनाथ?" आणि हिरामणने कुठून तरी हे उचलून संध्याकाळी बसच्या दारातूनच विचारलं, "वैनी, हायड्रोजन म्हणजे काय असतं?"

आम्ही बस सोडून दिली आणि आनंदनगरच्या रस्त्याने चालत निघालो. टपरीवर चहा घेतला. वाद घालायची दोघांचीही तयारी होती. मी स्पेक्ट्रमचे संदर्भ वाचून ठेवले होते आणि चंदरच्या पिशवीत माझ्या बाजूचं पुस्तक निघालं.

"हे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"तुझी बाजू घ्यायला. म्हटलं, तू माझी घेशील, मग भांडण बरोबरीत."

मी हसले. त्याने ग्लास खाली ठेवला. "बकुळा, खरा कुठला हे मला सांगता येईल. पण शोधायला कोण येणार? सर येणार. टेकचंदशेठ येणार. ते कागदावर काय काढणार? ॲझोच काढणार. तर तोच ठेवू. शोधणाऱ्याला सापडला पाहिजे. खरं-खोटं आपण शेरा म्हणून खाली लिहू."

"तुझं अर्धं कपाट बदलावं लागेल."

"बदलतो. दर रविवारी तसंही काय करतो मी? तुझी पिशवी उचलतो."

इतके दिवस टाळलेला विषय चहा गार व्हायच्या आत संपला. दोघांनाही जरा फसवल्यासारखं वाटलं. रस्त्याच्या कडेला कारखान्यांचा वास होता, आम्हाला तो जाणवतही नसे. थोडं चालल्यावर चंदर म्हणाला, "मग दुसरंही उरकून टाकायचं का? रविवारची सभा."

"ते वेगळं आहे."

"वेगळं आहेच. तिथं शेरा लिहून भागत नाही."

तो थोडा वेळ बरोबरीने चालत राहिला. "मी बोललो तर ते माझं होईल," तो म्हणाला. "आई तुझी आहे. तू जे म्हणशील ते मला चालेल. लोक चार दिवस मला काय म्हणायचं ते म्हणतील, आणि मग त्यांना दुसरं कोणी सापडेल. पण तू म्हणायला पाहिजेस. मोठ्याने."

शनिवारी संध्याकाळी आम्ही आईकडे गेलो. माझ्या सासूबाई, बनूबाई, आमच्याबरोबर आल्या होत्या. वालाच्या शेंगांची पिशवी त्यांनी स्वतः आणली होती, कारण मागच्या वेळी मी आणलेल्या शेंगा जून निघाल्या होत्या. दोघी विहिणी भिंतीला टेकून शेंगा सोलत बसल्या. वर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची पितळी मूर्ती, तिला आईने ताजं फूल ठेवलेलं.

"काय ठरलं सोसायटीचं, चंदरराव?" आईने विचारलं.

"बकुळा सांगेल," चंदर म्हणाला आणि शेंगा सोलायला बसला. त्याला शेंगा सोलता येत नव्हत्या.

बनूबाई वाट बघत थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. "विहीणबाई, तुम्ही या की खरवईला. तळमजला मिळतोय म्हणतात. दोन खोल्या. आपण दोघी रोज अशा बसू."

"लेकीच्या घरी जाऊन राहू?" आई म्हणाली. "नाही हो. बरं दिसतं का ते."

"देव सोडलेत, उपास सोडलेत, आणि हेच बरं धरून ठेवलंत."

"एवढं एकच ठेवलंय. राहू द्या माझ्याकडं." आई हसत होती, पण तिची बोटं थांबली होती. "माझी आई कधी माझ्या घरी दोन दिवसांवर राहिली नाही. पाणीसुद्धा पिताना इकडंतिकडं बघायची. मी नाही तशी. पण राहायला? नको. माझं इथं विहार आहे, बायका आहेत. कोणी विचारलं भिमाबाई कुठं, तर पोरंसुद्धा बोट दाखवतात."

"मग एकटीनं राहणार?"

"सवय आहे."

"सवय आहे म्हणजे आवडतं असं नव्हे," बनूबाई म्हणाल्या. "माझ्या घरात दहा माणसं आहेत, मला त्याचीही सवय आहे. यातली दोन गेली तर मी काय रडत बसणार नाही. अहो, एक रात्र पाय पसरून झोपेन तरी."

चंदरने सासूच्या नव्हे, स्वतःच्या आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती शेंगेतला किडका दाणा बाजूला टाकत होती.

माझी आई उठली. मला वाटलं आता चहा टाकेल. पण ती माझ्या पिशवीकडे गेली, आणि दोरीवरची माझी इस्त्रीची साडी काढून घडी करू लागली, खरवईला न्यायला. "उद्या सांगून टाका, एक खोलीच द्या म्हणावं," ती पाठमोरी म्हणाली. "तुम्हा दोघांना पुरते. बकुळा काय, येतेच अधूनमधून."

घडी तिला हवी तशी होत नव्हती. तिने साडी झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. मी उठले, तिच्या हातातून साडी घेतली आणि परत दोरीवर टाकली.

"काय गं?" आई म्हणाली.

माझा आवाज मुळात लहान आहे. शाळेत बाई मला नेहमी म्हणायच्या, शेवटच्या बाकाला ऐकू जाऊ दे. त्या खोलीला शेवटचा बाक नव्हता, तरी मी तेवढ्या मोठ्याने बोलले.

"तू माझ्या घरी राहायला येऊ नकोस, आई. आम्ही दोघं तुझ्या घरी राहायला येतोय. कायमचं. सोसायटीतून उद्या नाव काढून घेतोय."